पेढ्यांच्या खोक्यातली कात

माण गावात हैबतरावांच्या घरी त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. भल्यामोठ्या टीव्हीवर फोटो लावलेला: लाल कापडावर पेढ्यांचं उघडं खोकं, त्यात सापाची कात आणि शेजारी स्टीलची पट्टी. विश्राम महाराज पट्टीवरचे आकडे वाचून दाखवत होते.

"पयल्या सोमवारी सात इंच. मागल्याला पावणेआठ. आज पावणेनऊ. घरचा राखणदार आंग धरतोय!"

लोकांनी हात जोडले. ही भोळी माणसं नव्हेत हो. वीतभर बांधासाठी मोजणीवाला आणणारी, जमिनी विकून भाड्याच्या खोल्या बांधणारी. नुसता चमत्कार सांगितला असता तर हसली असती, पण फोटोत पट्टी दिसली आणि गार पडली. तो फोटो महाराज देवघरात एकटेच काढायचे. कातीला टेप लावला तर कोप होतो म्हणे. वा रे राखणदार, मोबाईल चालतो आणि टेपला भितो!

मीही हसले असते. पण वाढ थांबेपर्यंत गरोदर सुनेने उंबरा ओलांडायचा नाही, असा महाराजांचा हुकूम होता. स्नेहलला सातवा सरत आलेला. माडीवर माझ्या भाड्याच्या खोलीसमोर तिची खोली, आणि बाहेरून कडी घातली होती ती खुद्द तिच्या नवऱ्याने, कैलासने. दवाखान्याची तारीख टळली. खिडकीच्या गजांतून तिने मला सुजलेले पाय दाखवले, डोकं सारखं ठणकतं म्हणाली. मी तिच्या सासूला, गोजराबाईंना, सांगून पाहिलं, तर त्यांनी मलाच खोली खाली करायला सांगितली. मी गप्प बसले. लाज वाटते, पण बसले.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत खेकडे, बेडूक, किडे यांचे मोजमापासाठी फोटो काढणं हे माझं रोजचं काम. पट्टी नमुन्याच्याच उंचीवर ठेवायची आणि कॅमेरा सरळ वरून धरायचा, हा आमचा पहिला धडा. नमुना कॅमेऱ्याच्या जवळ आणि पट्टी खाली राहिली, तर नमुना आहे त्याहून मोठा दिसतो आणि माप चुकतं. तिसरा फोटो पाहताना माझी नजर कातीवरून खोक्यावर गेली.

"हैबतराव," मी म्हटलं, "कातीला हात नका लावू. फोटोतलं खोकं तेवढं पट्टीवर मोजा. आधी पहिल्या फोटोतलं, मग आजचं."

मोजणीचं नाव निघाल्यावर हैबतराव थोडेच बसून राहणार! टीव्हीवर दोरा धरून त्यांनी मोजलं. पहिल्यात खोकं आठ इंच, आज दहा.

"महाराज, पेढ्याचं खोकं बी वाढतंय व्हय?"

महाराज म्हणाले, राखणदाराची कृपा ज्याला शिवेल ते वाढतं. हैबतराव सरळ देवघरात शिरले आणि त्यांनी खोक्याखालचं लाल कापड उचललं. खोक्याखाली दोन विटा होत्या, पट्टी खाली जमिनीवर. वरून काढलेल्या फोटोत सगळं लालच लाल, विटा दिसणार कशा? पहिल्या सोमवारी वीट नसणार, दुसऱ्या सोमवारी एक असणार. बस, एवढीच वाढ. मग हैबतरावांनी कातीलाच टेप लावला. सात इंच भरली.

महाराज चपला शोधू लागले. गोजराबाई मात्र माडीची वाट अडवून जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "आन् खराच कोप झाला म्हंजे?"

वरून स्नेहलचा आवाज आला. "आत्या, मला समदं दोन-दोन दिसतंय."

कैलास धावला. त्यानेच कडी काढली. दवाखान्यात रक्तदाब एकशे ऐंशी निघाला. आणखी एक दिवस गेला असता तर दोन्ही जीव हाती लागले नसते, असं डॉक्टरीणबाईंनी सुनावलं. दोघं वाचली.

तेव्हा सांगणं एवढंच. फोटोत पट्टी दिसली म्हणून माप खरं मानू नका. पट्टी कुठे ठेवली ते विचारा, आणि जो मोजू देत नाही त्याला दारात उभं करू नका. आणि देवाच्या नावाने कुणाला कोंडलेलं दिसलं, तर माझ्यासारखं पुराव्याची वाट बघत बसू नका. कडी आधी काढा.