पटका वर पडला

धर्मशाळेसमोर बैलगाड्यांची रांग लागली होती, आणि गाडीतून उतरणारा जो तो आपल्या मेलेल्या माणसाला भेटायला आला होता. कुणाला बाप हवा होता, कुणाला आजा. एका म्हातारीला दीर हवा होता, कारण बांधाच्या भांडणात त्याने काय शब्द दिला होता ते तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. पितर बोलत नाहीत, नुसते चालतात, असं कळल्यावर ती हिरमुसली. पण रांग काही तिने सोडली नाही.

साल चौतीसचं. दुधनी स्टेशनापासून थोडं आडबाजूला असलेल्या या दगडी धर्मशाळेत अधोमुख महाराज पितृपंधरवड्यात उगवले होते, आणि दिवाळी उलटली तरी मावळायचं नाव घेत नव्हते.

"मृत्युलोकात आपण डोकं वर करून चालतो, म्हणून आपल्याला अहंकार होतो," महाराज मोरचेल हलवत सांगत. "पितृलोकात सगळे डोकं खाली करून चालतात! तिथे अहंकार नाही, तहान नाही, सरकारचा सारा नाही!"

सारा नाही म्हटल्यावर गर्दीतून हमखास एक सुस्कारा येई. मग महाराज थोड्या लोकांना आतल्या खोलीत घेत, दारावर घोंगडी सोडत, शंख फुंकत. आणि समोरच्या भिंतीवर, खरोखर, एक माणूस प्रकट होई. खाली डोकं वर पाय, अंगावरच्या कपड्यांच्या रंगांसकट, काठी टेकत चालणारा. तोंड कुणाचंच धड दिसत नसे. पण पटका, काठी आणि चालण्याची ढब एवढ्यावर माणसं बाप ओळखून हंबरडा फोडत. दर्शन फक्त सकाळी, तेही ऊन पडलं तरच. आभाळ आलं की पितरांचा उपास असे. आणि धर्मशाळेच्या मागच्या आवारात पाऊल टाकायला सक्त मनाई होती, कारण ती पितरांची वाट. तिथे जाणाऱ्याचे डोळे जातात.

या मनाईची शरच्चंद्राला काहीच कल्पना नव्हती. सोलापूरच्या कोर्टातल्या एका कारकुनाचा हा मुलगा पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होता, पण सध्या त्याच्या डोक्यात सिनेमाशिवाय काही नव्हतं. प्राध्यापकांनी आपला सिनेमाचा कॅमेरा विद्यार्थ्यांना एक छोटासा मूकपट काढायला देऊ केला होता. अट एकच: आधी जागा शोधा, त्यांचे फोटो दाखवा. कथा शरच्चंद्राने स्वतः लिहिली होती. सासू सुनेला घराबाहेर काढते, आणि ती बिचारी आधी डोंगरावर रडते, मग धबधब्यापाशी रडते, मग वनराईत रडते. पुण्याच्या खोलीत बसून हे लिहिताना आपल्या जिल्ह्यात डोंगर, धबधबा आणि वनराई या तिन्ही गोष्टी नाहीत याचा त्याला साफ विसर पडला होता. आता दिवाळीच्या सुट्टीत तो फोटोचा प्लेटवाला कॅमेरा आणि त्याची तीन पायांची घोडी खांद्यावर टाकून वणवण फिरत होता. मागून त्याचा मित्र एकनाथ धापा टाकत येत होता. गुळगुळीत गालांमुळे सुनेचं काम एकनाथाच्या गळ्यात पडलं होतं, म्हणून आईचं एक जांभळं लुगडं पिशवीत घालून तो गावोगाव हिंडत होता.

"शरद, इथे रडू का?" प्रत्येक बाभळीखाली तो विचारी.

"इथे नको. सावली विरळ आहे."

असं करत दोघं धर्मशाळेच्या मागच्या आवारात शिरले आणि शरच्चंद्र हरखलाच. चुन्याने पांढरंशुभ्र केलेलं कुंपण, त्यावर लख्ख ऊन! घोडी उभी करतो न करतो तोच एक धिप्पाड माणूस काठी घेऊन धावून आला. महाराजांचा चेला, सिद्धाप्पा.

"अय्यो, हितं येऊ नका! डोळं जात्यात!"

"मग तुमचे कसे राहिले?" एकनाथाने विचारलं.

सिद्धाप्पाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्याने उत्तरादाखल काठी उगारली, आणि सिनेमावाले पसार झाले.

ते थेट थांबले केराबाईच्या मेंढवाड्यापाशी. केराबाई धनगराची विधवा. घरात मुलगा ज्ञानबा आणि सून तानाबाई. अनोळखी पोरं उन्हातून आलेली पाहून तिने काही न विचारता भाकरी, शेंगाची चटणी आणि दूध पुढे केलं. जेवण झाल्यावर शरच्चंद्राने वाड्याचा फोटो घ्यायला कॅमेरा लावला आणि काळं फडकं डोक्यावर घेऊन मागच्या दुधी काचेत पाहू लागला.

"दादा, त्या फडक्यात काय दिसतंय वो?" तानाबाईने विचारलं.

"बघा की."

ती फडक्याखाली शिरली आणि आतून हसण्याचा लोट आला. "अगं बया! शेरडं उलटी चालल्यात! आत्याबाई, तुमीबी उलट्या!" मग ते हसणं एकदम थांबलं. फडकं बाजूला करून ती हळूच म्हणाली, "आमचं मामंजी असंच दिसत्यात की."

"मामंजी? कुठे आहेत?"

"वारलं. महाराज दावत्यात भितीवर."

मग सगळं बाहेर आलं. महाराजांनी केराबाईला तिचा मेलेला नवरा मायाप्पा दाखवला होता. तानाबाईही गेली होती. "मी एवढंच इचारलं, मामंजी उलटं चालत्यात तर त्येंचा पटका पडत कसा न्हाय?"

"मग?"

"लोक हासलं. महाराज न्हाय हासलं."

पुढच्या खेपेला तानाबाई खोलीत येताच भिंतीवरच्या मायाप्पाने पाठ फिरवली. पितर सुनेवर रुसलाय, महाराजांनी निकाल दिला. वाड्यात मेंढ्या मेल्या त्या हिच्याच पायगुणाने. उद्या शेवटचा कौल. उद्याही पाठ फिरली तर हिला माहेरी धाडायचं आणि ज्ञानबाचं दुसरं लगीन लावायचं. ज्ञानबा हे ऐकत काठीने जमीन उकरत बसला होता. तोंडातून अक्षर निघेल तर शपथ!

शरच्चंद्राला आपल्या कथेची लाज वाटली. त्याची सून पानोपानी रडत होती. ही वाड्यातल्या लेंड्या झाडत होती, आणि तिचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं.

"मावशी," तो केराबाईला म्हणाला, "तो पितर नाही. कुणीतरी जिता माणूस बाहेर उन्हात उभा असतो. या डब्यात दिसतं ना, तसंच आहे ते."

केराबाईने डब्याकडे पाहिलं. "लेकरा, माझा मालक मी वळकीना व्हय? आन एवढ्याशा डब्यात त्यो मावंल तरी का?"

एकाएकी शरच्चंद्राने एकनाथाच्या पाठीत धपाटा घातला. "मावेल! अरे, कॅमेरा म्हणजे लॅटिनमध्ये मुळात खोलीच! अंधारी खोली! महाराज लोकांना कॅमेऱ्याच्या पोटात नेऊन बसवतोय. उद्या तुला रडायचं नाही, एकनाथ. उद्या तुला भांडायचंय."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. शरच्चंद्र केराबाईच्या घरच्यांबरोबर खोलीत जाऊन बसला. धुराने काळवंडलेल्या त्या खोलीत एकच भिंत चुन्याने ताजी रंगवलेली होती, आणि तिच्या समोरच्या भिंतीत बोर जाईल एवढं एक भोक होतं. दाराला केराबाईनेच विणलेली जाड काळी घोंगडी लावलेली. पितरांना उजेड सोसत नाही म्हणून महाराजांनी ती मागून घेतली होती. पितरांना ऊन तर लागतं आणि उजेड मात्र सोसत नाही, याचा मेळ कुणी विचारला नव्हता.

महाराजांनी शंख फुंकला. डोळे अंधाराला सरावले तशी भिंतीवर रंगीत आकृती उमटली. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खाली डोकं, वर पाय.

"आलं गं बाई माझं धनी!" केराबाईने हात जोडले.

"मायाप्पा!" महाराज गरजले. "तुझ्या घरची सून समोर बसली आहे. दे कौल!" आणि त्यांनी शंख दोनदा फुंकला. मायाप्पाने गर्रकन पाठ फिरवली.

खोलीत हाय हाय झाली. केराबाईने पदर डोळ्यांना लावला. तानाबाई खाली मान घालून बसली. शरच्चंद्राचा जीव टांगणीला लागला. एकनाथ कुंपणावरून उडी मारताना लुगड्यात अडकून पडला असेल तर?

तेवढ्यात भिंतीवर जांभळं काहीतरी हललं. एक ठसठशीत बाई, खाली डोकं वर पाय, कासोटा आवरत तरातरा आली आणि तिने मायाप्पाची काठी धरली.

महाराजांचं मोरचेल हवेतच थांबलं. पण माणूस पोचलेला. "शांत! शांत राहा! पितृलोकात थोडी अशांतता आहे. ही मायाप्पाची मागच्या जन्मीची बायको दिसते."

"मागल्या जल्मीची?" केराबाईचे डोळे खाडकन कोरडे झाले. "कोण ही भवानी? माझ्या मालकाला सोड म्हणावं आधी!"

भवानी सोडायला तयार नव्हती. रोज तालमीला जाणारा एकनाथ आणि पितृलोकातला मायाप्पा यांची चांगलीच जुंपली. ओढाताणीत मायाप्पाचा लाल पटका डोक्यावरून सुटला आणि भिंतीवर सरसर वर चढून त्याच्या पायांपाशी जाऊन पडला.

"पडला!" तानाबाई टाळी वाजवून उठली. "आत्याबाई, पटका पडला! वर पडला!"

आता मात्र महाराजांचा धीर सुटला. घोंगडी बाजूला सारून ते बाहेर धावले. घोंगडी मागे खाली आली, पुन्हा अंधार झाला, आणि थोड्याच वेळात भिंतीवर भगवी कफनी, लांब दाढी आणि सुटलेलं पोट अवतरलं. मोरचेल उगारलेलं, खाली डोकं वर पाय, साक्षात अधोमुख महाराज!

मग दिराला भेटायला आलेल्या म्हातारीने गळा काढला. "अरं द्येवा! महाराज गेलं गं!"

"असं कसं? आत्ता तर हितं व्हतं की!"

"जाताना माणूस असंच जातंय. बरं व्हतं बिचारं!"

बायांनी सूर धरला. शरच्चंद्राला हसू आवरेना, पण तो उठला आणि भिंतीतल्या त्या भोकावर त्याने तळहात ठेवला. महाराज गेले, मायाप्पा गेला, भवानीही गेली. हात काढला, तिघेही परत आले.

"रडू नका," तो म्हणाला. "महाराजांना काही झालेलं नाही. मागच्या आवारात माझ्या मित्राला झोडपताहेत. उजेड सरळ रेषेत चालतो. बाहेरच्या माणसाच्या डोक्याकडून येणारा उजेड या भोकातून तिरका खाली उतरतो, पायाकडून येणारा तिरका वर चढतो, म्हणून आत सगळं उलटं दिसतं. अंधारी खोली, बारीक भोक, समोर पांढरी भिंत. एवढं असलं की तुमच्या घरीही असेच पितर चालतील. फक्त बाहेर उन्हात कुणीतरी जितं उभं पाहिजे."

केराबाई उठून भोकापाशी गेली.

"तानी," ती म्हणाली, "जा बाहीर. तितं हुबी ऱ्हा."

तानाबाई गेली. भिंतीवर तिचं हिरवं लुगडं उमटलं, खाली डोकं वर पाय. केराबाईने भोकाला तोंड लावून हाक दिली, "पाठ कर गं!" आणि मागे वळून पाहिलं. हिरव्या लुगड्याने पाठ केली. तिने पुन्हा हाक दिली, "आता तोंड हिकडं कर!" लुगडं वळलं.

केराबाईला रडू कोसळलं. याआधी ती नवऱ्यासाठी रडली होती. हे रडणं निराळं होतं. "सांगंल तशी पाठ फिरतीया की गं ही," ती म्हणाली. "आन मी असल्या पाठीसाठी घर मोडाया निघाले व्हते."

तिने दारावरची आपली घोंगडी खसकन ओढली. उजेड आत घुसला आणि भिंतीवर नुसता चुना उरला. ज्ञानबा मुकाट्याने आईमागून उठला. गड्याने आधीच तोंड उघडलं असतं तर शरच्चंद्राला बोलावं लागलं नसतं, पण ते असो.

बाहेर लोकांनी सिद्धाप्पाला घेरलं होतं. बोडक्या डोक्यावर हात ठेवून तो सांगत होता, "माझं काय चुकलं वो? शंख एकदा वाजला की तोंड, दोनदा वाजला की पाठ. उन्हात हुबा ऱ्हाऊन माझं डोस्कं उठलं!" महाराज तोवर कुंपण ओलांडून स्टेशनाच्या दिशेने निघाले होते. डोकं वर, पाय खाली, आणि पितरांना न शोभणाऱ्या वेगाने.

एकनाथ फाटक्या लुगड्यात, सुजलेल्या गालाने येऊन उभा राहिला. "शरद, आता खरंच रडू का? आईला काय सांगू?"

शरच्चंद्राने नंतर आपली कथा फाडून टाकली आणि नवी लिहिली. तिच्यात सून एकदाही रडत नाही, आणि जागाही एकच लागते, धर्मशाळेचं मागचं आवार.

वाचकहो, पदार्थविज्ञान सगळ्यांनाच शिकता येईल असं नाही. पण एखादा चमत्कार तुमच्या घरातल्या माणसाला दाराबाहेर काढायला निघाला, तर निदान तानाबाईचा प्रश्न विचारा: पटका पडत कसा नाही? लोक हसले तर हसू द्या. ज्याला हसू येणार नाही, त्याच्याकडे नीट बघा. आणि मेलेली माणसं पाठ फिरवत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. ते काम आपण जिती माणसंच करतो.

त्या सकाळी घोंगडी काखेत मारून केराबाई झपाझप पुढे निघाली होती. वाटेत ती थांबली आणि मागे वळून सुनेवर खेकसली, "चल की बिगीबिगी! गाठोडं सोडायचंय. शेरडं कवाची खोळंबल्यात."