दारात उभी राहिलेली केसर

“मी पडलो तरी आत यायचं न्हाय. समजली कं?” तोंडावर मास्क चढवता चढवता सुजितने बायकोला बजावलं.

केसरने मान हलवली. त्याच्या कमरेला बांधलेला दोर तिने घट्ट धरला होता.

उरणजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये सफरचंदं महिनोन्‌महिने कडक राहत, कारण बंद खोलीतला बहुतेक प्राणवायू काढून घेतलेला असे. फळ पिकायचंच विसरून जाई. माणूस मात्र त्या हवेत दोन श्वासांत आडवा होई आणि त्याला उचलायला धावणारा त्याच्याच शेजारी पडे. आज आतला पंखा अडकला होता. खोली उघडून हवा खेळवली तर माल पिठूळ होईल, म्हणून साहेबांनी मेकॅनिक सुजितला पाठीवर हवेचा सिलिंडर देऊन दारातल्या झरोक्यातून आत धाडलं. साहेबांना काळजी फळांची. माणसं काय, उरणात पुष्कळ!

झरोक्यातून गोड वास येत होता. एवढ्या गोड वासात मरण बसलंय, या विचाराने केसरच्या अंगावर काटा आला. ती मधूनमधून दोर ओढायची, आतून उलटा झटका यायचा.

मग झटका आला नाही.

“अवो!”

तिने बॅटरी मारली. दोन क्रेटच्या मध्ये सुजितचे बूट दिसले. मास्क बाजूला पडला होता.

तिची किंकाळी ऐकून रोज तिच्यासोबत फळं निवडणारी सासू, नीराबाई, धावत आली. “उभी कं ऱ्हायलीस? जा आत! नवरा हाय तुझा!”

केसरचा पाय उचलला गेला होता. तिने तो मागे घेतला, सासूला कोपराने ढकललं आणि दोर ओढू लागली. हमाल धावले. सगळ्यांनी मिळून त्याला ओढून काढलं तेव्हा तो काळानिळा पडला होता.

संध्याकाळी दवाखान्यात त्याने डोळे उघडले. नीराबाई येईल त्याला सांगत होती, “पोर माझा आत मरत व्हता, आन् ही दारात उभी!” केसर भिंतीला टेकून ऐकत होती.

“तू आत आली न्हाईस?” सुजितने विचारलं.

“न्हाय.”

त्याने उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

“मला न्हाय जमलं असतं असं दारात थांबायला,” तो म्हणाला. “तू पडली असतीस, तर मी आलो असतो आत. दोघंबी मेलो असतो.”

नीराबाई बोलता बोलता थांबली. मग उठली आणि आपलं स्टूल तिने सुनेकडे सरकवलं.