बिरड्याचा रोजा

बिन्यामिन नागावकरांनी वालाचा दाणा दोन बोटांत दाबला आणि तोही मधोमध फुटला. साल अंगठ्याला चिकटून राहिलं. पातेल्यात सोललेले दाणे मूठभरही नव्हते. चार वाजले होते, आणि काल संध्याकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

हजारो वर्षांपूर्वी यरुशलेममधलं मंदिर जळालं, त्याच्या दुःखाचा हा यहुदी रोजा. जमिनीवर बसायचं, विलापाचा पाठ वाचायचा, कुणाला नमस्कार करायचा नाही. तीन चांदण्या दिसल्या की मोड आलेल्या वालाचं बिरडं खाऊन सोडायचा. कापसाच्या जिनिंगचे मिस्त्री म्हणून ते नेरला आले, त्याला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गावात हा रोजा धरणारी दोनच माणसं होती, ते आणि मिल्का. पाठाचं एक प्रकरण ते वाचत, पुढचं ती.

मिल्का फेब्रुवारीत गेली. मृतासाठीची कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. ठाण्याहून मेहुणा आणि भाचा आले, तेव्हा तिघे झाले. मातीला मात्र अर्धी गल्ली आली होती. कद्दीश राहिला.

आज सकाळी त्यांनी पहिलं प्रकरण वाचून संपवलं आणि सवयीनं थांबले. बराच वेळ थांबले. मग पुस्तक मिटून पाटावर ठेवून दिलं.

दुपारी मुलाचा फोन आला होता. "पप्पा, एकट्यानं कशाला धरता? पाणी प्या."

एकट्याचा रोजा म्हणजे नुसती भूक, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं. ते भिंतीला धरून उठले, माठातून पेला भरला आणि पुन्हा खाली बसले. पेला तोंडाशी नेला, तेवढ्यात फाटक वाजलं.

शेजारच्या धनीबाई. एरवी त्या फाटकातूनच राम राम घालत यायच्या. आज काही न बोलता आल्या, पेल्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"मिस्त्री, वाल सोलून राह्यले का फोडून राह्यले?"

"सालं निघत नाहीत."

"एवढ्या मोठ्या मशिनी खोलत होते म्हणे." त्या समोर जमिनीवर बसल्या. "कोमट पानी आना. मिल्काबाई कोमट पान्यात टाके."

कोमट पाण्यात दाणे अलगद निसटू लागले. नागावकर पाहत राहिले. जरा वेळानं म्हणाले, "तुमच्यापुरता चहा ठेवतो."

"नोको."

"उपास माझा आहे. तुम्ही घ्या."

"चांदन्या निघू द्या आधी."

त्यांनी मान वर केली. धनीबाईंचे हात थांबले नाहीत.

"तिले शुगरची गोळी उपाशीपोटी चालत नोती. दोन वर्सं ह्या दिवशी दुपारी माह्या घरी येऊन अर्धी भाकर खाये. खाये अन् रडे. म्हने, त्याईले सांगजो नोको, ते एकटे पडतीन. मंग म्याच म्हनलं, तुह्या वाटचा मी धरतो. तू जेव."

"दोन वर्षं?"

"हाव."

"आणि आज?"

"आज तं थे नाईच," धनीबाई म्हणाल्या. "मंग कोन धरन?"

नागावकरांनी पेला उचलला, दारातल्या कढीलिंबाच्या बुडाशी पाणी ओतलं आणि पुस्तक घेऊन परत आले. मिल्काचं प्रकरण उघडलं. आवाज कोरडा होता, मध्येच अडला.

"थांबले काहून? वाचा न, भिया."

त्या त्यांना कायम मिस्त्री म्हणायच्या. धनीबाईंच्या बंजारा तांड्यावर भावाला भिया म्हणतात, हे मिल्कानं कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं. त्यांनी वाचलं. धनीबाईंनी ओले हात पुसून पदर डोक्यावर घेतला. शब्द त्यांना कळत नव्हते. पाठ संपेपर्यंत त्या खाली पाहत बसल्या, मग त्यांनी बिरडं चुलीवर टाकलं.

दिवस बुडाला. दोघं अंगणात उभी होती.

"दोन दिसल्या," नागावकर म्हणाले. "चला, झालं."

"तिसरी ढगात हाये. असं कसं झालं?"

ते थांबले. ढग सरकायला बराच वेळ लागला. मग त्यांनी दोन ताटल्या मांडल्या, एक धनीबाईंपुढे सरकवली आणि आजचा पहिला नमस्कार केला.

"राम राम, धनीबाई."

"राम राम." त्यांनी घास घेतला, चावला. "मीठ कमी पडलं, भिया. थे बी असंच करे."