पंखवाल्या बाईची बारी

देव्हारा पुसता पुसता दगडाबाईंनी लेकीला हाक मारली. "राणे, इलाहीभाईंची फरीदा कराडला परत आलीया म्हणं. मग हिला नेऊन दे की. आता तिची बारी हाय."

'ही' म्हणजे बिरोबाच्या टाकाशेजारी उभी असलेली वीतभर उंचीची, पितळी रंगाची बाई. पाठीला पंख, हातात पानांचं कडं. शाळेत असताना सांगलीच्या मैदानावर आठशे मीटर धावून राणीनं ती जिंकली होती. म्हणजे, अर्धी जिंकली होती.

आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं पळून राणीचे पाय तयार झालेले. फरीदाचे वडील इलाहीभाई कराडात पत्र्याचे डबे करायचे. लेकीला पहाटे नदीकाठी पळवायचे. सातारा-सांगलीच्या पोरींच्या त्या शर्यतीत फीत दोघींच्या छातीला एकदमच लागली. पंच आपसांत भांडत बसले. चषक तर एकच. शेवटी नाणं उडवायचं ठरलं, तसे इलाहीभाई कुंपणावरून ओरडले, "आवं, नाणं कशाला? पोरी काय पत्ते खेळल्या व्हय? एक वरीस हिच्या घरी, एक वरीस तिच्या घरी!"

आणि तसंच झालं. दर उन्हाळ्यात बाईची पाठवणी व्हायची. कराडात ती दुकानातल्या कपाटावर, गिऱ्हाइकाला पहिली दिसेल अशी. राणीकडं देव्हाऱ्यात, हळदीकुंकू लावून. कुठली देवी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "जिंकणाऱ्याकडं येतीया, म्हंजी चांगलीच असंल," दगडाबाई म्हणायच्या.

मग फरीदा लग्न होऊन सौदीला गेली. इलाहीभाई वारले, दुकान बंद झालं, आणि बाई राणीकडंच राहिली. राणी कुंडलच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली, तेव्हा आईबरोबर बाईही कुंडलला आली. त्या सामानाच्या हलवाहलवीत तिचा एक पंख मोडला. राणी जोडून आणायला निघाली, तर आईनं अडवलं. "ऱ्हाऊ दे. आता उडून तरी जायाची न्हाई."

दुपारच्या एसटीनं राणी कराडला उतरली. दार फरीदानंच उघडलं.

"लय जाड झालीस गं!" राणी म्हणाली.

"आणि तू काय हरणी ऱ्हायलीस व्हय?"

मग जे हसू फुटलं, त्यात मधली सगळी वर्षं वाहून गेली. मग पिशवीतून बाई निघाली. मोडक्या पंखावरून फरीदानं बोट फिरवलं. "अब्बा असते तर इथल्या इथं डाख देऊन जोडला असता."

फरीदाची लेक अर्फा इंजिनिअरिंगला होती. तिनं चहाचे कप आणून दिले आणि बाईकडं निरखून पाहिलं. "अम्मी, ही तर नाइकी! जुन्या ग्रीक लोकांची विजयाची देवता. जो जिंकेल त्याच्याकडं उडत जायची. बुटांच्या कंपनीचं नाव हिच्यावरूनच पडलंय." मोबाइलवर काहीतरी वाचून ती पुढं म्हणाली, "आणि मावशी, हे ऐका. अथेन्समध्ये हिची एक मूर्ती बिनपंखांची होती. म्हणे विजयानं आपलं गाव सोडून उडून जाऊ नये, म्हणून पंखच ठेवले नव्हते."

राणीच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं, आई अक्षी हेच म्हणाली होती!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तिकडं असताना वाटायचं," फरीदा हळूच म्हणाली, "कोण कशाला सांभाळून ठेवंल ती."

"आई टाकू देईल व्हय?"

ऊन उतरल्यावर दोघी स्टेडियमकडं फिरायला गेल्या. पोरी सराव करत होत्या. चुन्याच्या रेघांशी पोचल्यावर फरीदानं चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि राणीचा हात धरला. "चल."

दोघी पळाल्या. पोरी थांबून बघायला लागल्या. वळण यायच्या आधीच फरीदाचा दम संपला. राणीला अजून पळता आलं असतं, पण तिला एकटीनं पुढं जावंसंच वाटेना. धापा टाकत दोघी गवतात बसल्या आणि इलाहीभाईंच्या आठवणी निघाल्या: सायकलवरून मागनं यायचे, घंटी वाजवत, "हाण गड्या!" म्हणायचे, स्वतःच्या लेकीला गड्या.

बोलता बोलता शेवटची एसटी निघून गेली. राणीनं घरी फोन लावला. "आई, आज काय मी येत न्हाई."

"मग फोनवर कशाला येळ घालवतीस?" दगडाबाई म्हणाल्या. "जा, तिच्यासंगं बोल."