जागेवरून न हलवलेली तीनशे रोपं

मी एक जुनी झारी आहे, मित्रांनो, आणि माझ्या डोळ्यांसमोर मोहाची जवळजवळ तीनशे रोपं गेली. त्यात माझाही वाटा होता. तसं मला कोणी बोललं नाही, पण मला तसं वाटतं, म्हणून सांगते.

आरमोरीच्या बाजारात गुणवंतराव नावाचे एक वयस्क कारागीर पत्र्याची कामं करत. त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापून मला घडवलं. माझ्या तोंडावरची चाळणी त्यांनी खिळ्याने एकेक भोक पाडून केली. "भोक मोठं झालं तर पानी रोपाले मारते, बारीक असलं तर पाजते," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात वनरक्षक देवराव यांनी मला विकत घेतलं आणि सायकलला अडकवून जंगलातल्या एका गावी, रोपवाटिकेत आणलं.

तिथे काळ्या पिशव्यांच्या रांगा होत्या. पिशव्यांत माती, रेती, शेणखत आणि निलगिरीचं एकेक रोप. कामाला दोन बाया होत्या. पन्नाशी ओलांडलेली रुखमाबाई आणि तिच्या शेजारच्या घरची सून कमळा. मी बहुतेक रुखमाबाईच्याच हातात असे.

गावामागे एक टेकडी होती. तिच्यावर मोहाची मोठमोठी झाडं. अमुक झाड अमक्या घराचं, असं गावात पूर्वीपासून ठरलेलं. रुखमाबाईच्या घरचं झाड पुढच्या उन्हाळ्यात वादळात पडलं. दुसऱ्या दिवशी ती देवरावांना म्हणाली, "भाऊ, त्या टेकडीवर मोहाचं एक तरी लेकरू दिसते का तुम्हाले?"

"एवढे मोह हायत की, बाई."

"हायत ते सारे म्हातारे. माह्या सासऱ्याच्या वक्ताचे. फुलं वेचाले सोपं जावं म्हनून आमी दरसाली खालचा पाला जाळतो. त्याच्यात पिलं जळून जातात. मीबी जाळलं. आता म्हातारे पडून राह्यले, आन मागं कोनी नाई."

देवरावांनी वनखात्याच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी तीनशे पिशव्या दिल्या आणि अटही घातली. पुढच्या वर्षी रोपं टेकडीवर लावा. दिवाळीपर्यंत निम्मी जगली, तर यापुढे निम्मी रोपवाटिका मोह, चारोळी, बेहडा अशा इथल्या झाडांची. नाही जगली, तर सगळी निलगिरीच.

मोहाचं बी लवकर मरतं. रुखमाबाईने पडलेलं बी गोळा करून चार दिवसांत लावलं आणि तीनशेच्या तीनशे पिशव्यांत कोंब आले. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस. ती मला अर्धीच भरायची, म्हणजे हात हलका पडतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, मित्रांनो. पिशवीतल्या रोपाचं मूळ खाली वाढत जातं आणि बुडाच्या भोकातून जमिनीत शिरतं. ते शिरू नये म्हणून दर दोन महिन्यांनी प्रत्येक पिशवी उचलून दुसऱ्या जागी ठेवावी लागते. फार कंटाळवाणं काम. निलगिरीचं ते काम दोघी बाया तारखेला करत. मोहाच्या पिशव्यांना मात्र रुखमाबाई कोणाला हात लावू देत नसे.

कमळा एकदा म्हणाली, "बाई, निलगिरी उचलू उचलू आमची कंबर मोडली. तुमचे मोह काऊन नाई हलवत? लाडाचे हायत का?"

"लाडाचेच हायत. सव्वा महिन्याच्या लेकराले कोनी घराबाहेर काढते का?"

"सव्वा महिना कधीचाच सरला. आता चालाले लागतील ते."

"तू लय शहाणी. पानी घाल गुमान."

हिवाळ्यात देवरावांनीही विचारलं, "हे हलवले नाई वाटते?" मग ते वाकले, पानं पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या. मस्त दिसून राह्यले."

मे महिन्यात विहीर आटत आली. निलगिरीला रोज पाणी मिळे, तरी ती दुपारी माना टाकी. मोहाला एक दिवसाआड मिळे, तरी तो हिरवागार. कमळा म्हणाली, "या झारीच्या पान्यात काही तरी हाय." मी फुगून गेले. अर्ध्या पाण्यावर ही रोपं कशी जगतात, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. जूनमध्ये साहेब येऊन गेले. अशी रोपं कुठेच पाहिली नाहीत, असं ते म्हणाले, तेव्हा तर रुखमाबाईने मला पदराने पुसलं.

जुलैत चांगला पाऊस झाला आणि लागवडीचा दिवस आला. रुखमाबाईने पहिली पिशवी उचलली, तर ती येईना. तिने जोर लावला. खालून टच्च असा आवाज आला आणि पिशवी हातात आली.

"बाई, हे काय तुटून राह्यलं?" कमळाने विचारलं.

"असन बारीकसारीक मुळी. वर पान बघ कसं हाय. चाल, पाऊस हाय तवरी लावून घेऊ."

तो आवाज दिवसभर येत राहिला. सगळ्यांनी ऐकला. कोणी थांबलं नाही. शेवटच्या रांगेतल्या पिशव्या तेवढ्या निमूट उचलल्या गेल्या. ती रांग सपाट दगडावर मांडलेली होती आणि तिच्यातली रोपं वीतभरच वाढली होती. आकडा भरावा म्हणून रुखमाबाईने ती नाइलाजानेच नेली.

आठ दिवसांत टेकडीवरच्या रोपांची पानं लोंबली. रुखमाबाई मला घेऊन धावली. भरपावसात ती त्यांना पाणी घालत होती. गुरं राखणारा पत्रू हसला, "बाई, वरून पडून राह्यलं ते कमी हाय का?" तिने मला बाजूला ठेवलं, एक रोप हाताने उकरलं आणि मूळ पाहिलं. अंगठ्याएवढं जाड सोटमूळ बुडाशीच तुटलेलं होतं आणि टोक काळं पडलं होतं. ही रोपं मुळी पिशवीत वाढलीच नव्हती. ती रोपवाटिकेच्या जमिनीत वाढली होती आणि पाणीही तिथूनच पीत होती. माझ्याकडून नव्हे.

कमळा म्हणाली, "बाई, उठा. भिजून राह्यल्या तुमी."

"कमळे, तू सांगत होतीस."

"मी गमतीनं म्हटलं होतं, बाई. मलेबी कुठी माहीत होतं?"

दिवाळीला साहेब आले. सतरा रोपं जगली होती, सगळी त्या दगडावरच्या रांगेतली. देवराव खाली मान घालून म्हणाले, "साहेब, मीच राहू द्या म्हटलं होतं." साहेबांना वाईट वाटलं. पण पुढच्या वर्षी सगळ्या पिशव्या निलगिरीच्या आल्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. गुडघे धरेपर्यंत, म्हणजे सत्याऐंशी सालापर्यंत, रुखमाबाई कामाला येत राहिली. तारीख चुकू न देता ती निलगिरीच्या पिशव्या हलवायची. ते पाहवत नसे.

पुढे माझं बूड गंजलं आणि कमळाने मला घरी नेलं. आता मी तिच्या कुडाला टेकून असते.

मित्रांनो, तुम्ही रोप वाढवाल तेव्हा त्याला पाणी घालाच, पण पिशवी उचलूनही बघा. रोप कोमेजलेलं असेल तर सगळेच बघतात. ते फार छान दिसत असेल, तेव्हा बघा. त्या वर्षी मला कोणी विचारलं असतं, तर मीही म्हटलं असतं, राहू द्या, कशाला हलवता.