सेवेचं कारण

लोक विनामोबदला सेवा का करतात, याची देशभर पाहणी चालली होती. त्यासाठी आलेल्या बाईंनी इस्पितळात चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांना गाठलं.

"काका, हे काम का करता?"

"घरी आमची ही दिवसभर चुका काढते. इथे लोक आभार मानतात."

फॉर्मवर असा पर्याय नव्हता. बाईंनी निमूटपणे 'समाजाचं ऋण' यावर खूण केली.

"तुम्हाला या पाहणीचा पगार किती?"

"छे, मीसुद्धा फुकटच करते."

"का?"

बाई फॉर्म चाळू लागल्या. मोठ्या वन्सं मुक्कामाला येऊन तीन आठवडे झाले होते, पण परक्या माणसाला ते सांगायचं कसं?

काकांनी चेहरा वाचला.

"किती दिवस चालणार पाहणी?"

"वन्सं जाईपर्यंत," बाई बोलून गेल्या आणि दोघंही हसत सुटले.