आठ नंबरचा गोल

आमची वहिनी मैदानाकडे पाठ करून उभी राहते. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. आख्खं स्टेडियम चेंडूकडे बघतंय आणि ही बाई कॅमेरा घेऊन लोकांकडे! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अगं, गोल तिकडे झाला!" मी ओरडायचे. ती म्हणायची, "गोल काय, सगळ्यांनीच पाहिला, वन्सं. आईंचा चेहरा कोण पाहणार?" मला 'वन्सं' म्हणते ती निव्वळ चिडवायला.

त्याच कॅमेऱ्याच्या जोरावर ती पुढे गेली. आधी क्लबची पोस्टरं, मग बाहेरच्या संघांची बोधचिन्हं, जर्सी. सामन्याला फोटो काढायचे आणि घरी आल्यावर टेबलभर पसरून बघत बसायचं: बाकावर बसलेले खेळाडू बाह्या कुठे दुमडतात, कॉलर कुठे ओढतात. मगच पेन्सिल हातात. भाऊ म्हणतो, "माझ्याकडे बघितलंयस का कधी एवढं निरखून?"

गेल्या वर्षी आमच्याच क्लबने तिला नव्या जर्सीसाठी बोलावलं. मी तिथल्या मुलींची कोच, म्हणून मीही बैठकीत. अध्यक्षांनी आधीच ठरवून ठेवलेलं: पाठीवर जाहिरातदाराचं नाव ठसठशीत, आकडा खाली कमरेपाशी.

"आकडा वरच हवा," वहिनी म्हणाली.

"मग दुसरा डिझायनर बघू."

घरच्या क्लबचं काम तिला किती हवं होतं, मला ठाऊक होतं. "घे ना ऐकून," मी पुटपुटले. ऐकेल ती वहिनी कसली!

तिने पडद्यावर एक फोटो लावला. आमची जुनी फायनल. तेव्हा आम्हाला पुरुषांच्या उरलेल्या जर्सी मिळायच्या, गाऊनसारख्या लांब. रेफरी म्हणायचा, खोचा. खोचली की आकड्याचा खालचा अर्धा भाग शॉर्ट्समध्ये गडप. फोटोत एक पाठमोरी मुलगी चेंडू जाळ्यात मारत होती.

"ही कोण, सर?"

"नऊ नंबर!" अध्यक्ष खुलले. "विसरेन होय? तेव्हा माईकवर मीच होतो."

वहिनीने पुढचा फोटो लावला. तीच मुलगी उडी मारतेय, जर्सी सुटून बाहेर आलीय आणि पाठीवर अख्खा आकडा: 8. इंग्रजी आठ आणि नऊ, वरचा गोल दोघांचा सारखाच. त्या दिवशी आईने दम दिला होता, 'आज आमच्या पोरीचे फोटो काढ', म्हणून वहिनी आयुष्यात एकदाच मैदानाकडे तोंड करून उभी होती.

बचावाला खेळून जन्मात एकच गोल केला मी, तोही नऊ नंबरच्या नावावर लागला. पेपरात तिचं नाव, क्लबच्या भिंतीवर तिचंच. ती बिचारी स्वतः सांगत फिरली, आम्ही फोटो दाखवले, पण ऐकतो कोण? "कप आपलाच ना? मग झालं तर!" मीही हसण्यावारी न्यायचे, पण आत सलायचं. फार सलायचं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते, सर. माईक तुमच्याकडे होता."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून तो फोटो बघितला. "आकडा वर घ्या," ते म्हणाले. "आणि भिंतीवरचं नावही बदला."

नव्या जर्सीतला पहिला सामना. आकडे दोन खांद्यांच्या मधोमध, लांबूनही दिसावेत असे. माझ्या संघातल्या आठ नंबरच्या पोरीने असा काही गोल ठोकला म्हणता! लाऊडस्पीकर गरजला, "गोल! नंबर आठ!" आणि मी बाकावरून ताडकन उठले, दोन्ही हात वर. गोल तिचा आणि उठतेय मी! डोळ्यांतून घळाघळा पाणी.

वहिनी होतीच समोर, मैदानाकडे पाठ करून.

तो फोटो आईने हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवते. "आमच्या सुनेने काढलाय," हे आधी सांगते आणि लेक कोण ते मागाहून. पूर्वी मी भांडले असते. आता आई घरात नसली की मीही पाहुण्यांना तसंच सांगते.